नेत्रप्रेरक चेता

नेत्रप्रेरक चेता ही मानवी शरीरातील कर्पर चेतांच्या १२ जोड्यांपैकी तिसरी जोडी होय. नेत्रगोल फिरवणाऱ्या सहा स्नायूंपैकी चार स्नायू तिच्या अधीन असतात. उरलेल्यांपैकी वरचा तिरका स्नायू चौथ्या आणि बाहेरचा सरळ स्नायू सहाव्या कर्पर चेतेकडे असतो. शिवाय वरची पापणी उचलणे, बाहुली आकुंचित करणे व जवळचे पाहण्यासाठी भिंगाची वक्रता वाढवणे ही कामेही तिचीच. त्या मानाने तिचे नाव अपुरेच म्हणावे लागेल.

तिचा उगम मध्यमेंदूत होतो. मेंदूच्या तळाशी ती दोन धमन्यांच्या मधून बाहेर पडते व पश्च संयोजी धमनीच्या अगदी जवळून पुढे जाते. डोळ्याच्या खोबणीत शिरताना तिच्या दोन शाखा होतात. वरची शाखा वरच्या सरळ स्नायूला आणि पापणी उचलणाऱ्या स्नायूला जाते. बाकीचे तीन स्नायू खालच्या शाखेकडे असतात. बाहुलीकडे जाणारे परानुकंपी तंतूही हिच्यातूनच जातात.

ही चेता पूर्णपणे निकामी झाल्यास पापणी गळते. ती बोटाने उचलून पाहिल्यास डोळा बाहेर व किंचित खाली वळलेला दिसतो, कारण चौथ्या व सहाव्या चेतेचे स्नायू तेवढे शाबूत असतात. रुग्णाला एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. मात्र पापणीने डोळा पुरता झाकला असेल तर ही तक्रार लपून राहते.

निदानाच्या दृष्टीने बाहुलीची स्थिती फार महत्त्वाची असते. बाहुलीचे तंतू चेतेच्या पृष्ठभागालगत असल्याने बाहेरून दाब आला की बहुधा तेच आधी दुखावतात व बाहुली विस्फारते. पश्च संयोजी धमनीच्या भिंतीला आलेला फुगवटा हे अशा दाबाचे एक प्रमुख कारण आहे. तो फुटल्यास मेंदूभोवती रक्तस्राव होऊन प्राण जाऊ शकतात. म्हणून पापणी गळणे, बाहुली मोठी होणे आणि अचानक तीव्र डोकेदुखी अशी लक्षणे एकत्र दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या डोळ्यांवर डॉक्टर वारंवार विजेरीचा झोत टाकतात, त्यामागेही हेच कारण असते: कवटीत रक्त साचून मेंदू खाली सरकू लागला, तर ही चेता दाबली जाते.

मधुमेहात चेतेला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या बिघडतात. तेव्हा आतले तंतू इजा पावतात, पृष्ठभागावरचे बहुधा वाचतात. म्हणून बाहुली प्रकाशाला नेहमीप्रमाणे प्रतिसाद देते. असा विकार बहुतेकदा सुमारे तीन महिन्यांत आपोआप बरा होतो. तथापि हा भेद निरपवाद नाही. फुगवट्याच्या सुरुवातीच्या अवस्थेतही बाहुली प्राकृत राहू शकते, त्यामुळे शंका असल्यास मेंदूतील धमन्यांचे चित्रण केले जाते.