भंडाऱ्यात किरायाची खोली

भंडाऱ्यात घर स्वस्त मिळते, असे नागपूरकर म्हणतात. स्वस्त मिळते हे खरे. पण कोणाला मिळते, याची गोष्ट पंचाहत्तर वर्षांची आहे.

भंडारा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. 1949 साली तिथे घरभाडे नियंत्रण आदेश लागू झाला. घर रिकामे झाले की मालकाने सरकारला कळवायचे. मग ते सरकारी नोकराला किंवा फाळणीत विस्थापित झालेल्याला द्या, असा हुकूम येऊ शकत असे. किरायेदाराला काढायला नुसती नोटीस पुरत नव्हती. आधी भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी, मग दिवाणी दावा. हेतू चांगलाच होता. मालकांनी मात्र त्यातून भलताच धडा घेतला: खोली रिकामी आहे हे चारचौघांत बोलायचे नाही, पाटी लावायची नाही, ओळखीतल्याला द्यायची नाहीतर कुलूप घालायचे. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, तरी भंडाऱ्याला हाच आदेश लागू राहिला. तो संपला 31 मार्च 2000 रोजी, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला तेव्हा. पाटी न लावण्याची सवय त्यानंतरही बरीच वर्षे गेली नाही. खोली मिळायची ती चहाच्या टपरीवर, नाहीतर ऑफिसातल्या शिपायाकडून.

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीला स्वतःची वसाहत आहे. त्यामुळे शहरातल्या खोल्यांचे खरे गिऱ्हाईक म्हणजे बदलीवर आलेले कारकून, शिक्षक, बँकवाले, आणि खेड्यातून कॉलेजला आलेली पोरे. पहिल्यांचे दारात स्वागत, दुसऱ्यांची चौकशी. ‘कोन्या गावचे जी तुमी? आडनाव का हाय?’ आडनाव विचारताना नेमके काय विचारायचे असते, ते विचारणारा आणि सांगणारा दोघेही जाणून असतात. मग ‘घरात मटन-मासोळी चालत नाही जी’, किंवा ‘आमाले फॅमिलीवाले पाहिजेत’. नकार असा गोडीतच येतो. भाडे कितीही कमी असले, तरी जे घर तुम्हाला मिळणारच नाही ते स्वस्त कसले? कायदे बदलले, ही चौकशी तेवढी टिकली.

घरे मात्र पार बदलली. जुन्या वॉर्डांतली कवेलूची घरे, जाड मातीच्या भिंती, नळ सगळ्यांचा एक, संडास मागच्या अंगणात. गैरसोय पुष्कळ, पण मे महिन्यात आत गारवा. नंतर खात रोडकडे आणि गावाच्या कडेकडेने धानाच्या बांध्यांचे लेआउट झाले. खाली मालक, वर किरायेदार अशी स्लॅबची घरे उभी राहिली. वरच्या मजल्याची ती खोली उन्हाळ्यात भट्टीच होते. म्हणून इथला जाणता किरायेदार आधी खिडकी बघतो: कूलर बाहेरून बसेल का, त्याला स्टँड आहे का, टाकीत पाणी भरायला नळ जवळ आहे का. पुढचा प्रश्न सब-मीटरचा. मालक युनिटमागे काय लावतो ते न विचारता खोली घेतली, तर मे महिन्याचे लाइट बिल भाड्याच्या अंगावर येते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी सखल वस्त्यांत शिरले. त्या बाजूला खोली बघणाऱ्याने भिंतीवरचा ओलाव्याचा डागही बघावा.

भाडे आवाक्यात का राहिले? माझ्या मते त्याचे श्रेय अप-डाऊनला. नागपूर साठेक किलोमीटर. हायवेने बस, वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून गाडी. पोरांच्या शाळेसाठी साहेब नागपुरात घर करतात आणि रोज ये-जा करतात. घरभाडे भत्ता भंडाऱ्याच्या दराने मिळतो, नागपूरच्या दराने नाही, तरी लोक ते पत्करतात. मुख्यालयी राहण्याचा नियम कागदावर कायम आहे. ज्याच्या खिशात दोन पैसे जास्त आहेत तोच गिऱ्हाईक संध्याकाळी निघून गेला, की मालकाने भाडे वाढवायचे ते कोणाच्या जिवावर? आणि चांगली, हवेशीर खोली बांधायची तरी कशाला? स्वस्ताईची दुसरी बाजू ही आहे.

आता हे चित्र हलते आहे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी भंडाऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. दरवर्षी शंभर विद्यार्थी म्हणजे लाखाच्या आसपास वस्तीच्या गावात लहान मागणी नव्हे. वसतिगृहे पुरी पडली नाहीत, तर बोजा पडेल तो आधीपासून खोल्या शोधणाऱ्या गरीब पोरांवरच.

त्यांच्यासाठी एकच सांगणे. अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर करून गप्प बसू नका. 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नगरपालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे मालकालाही वाचून दाखवा.