डॉक्टरच्या मनातील अढी

वैद्यकाचा विद्यार्थी आपल्याच घरांतून कॉलेजात जातो. ‘वेड लागले’, ‘ठाण्याला पाठवा’, ही थट्टा त्याने लहानपणापासून ऐकलेली असते. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहिल्याने ती मनातून पुसली जात नाही.

मग शिक्षणाने तरी ही अढी जाते काय? नुसत्या पुस्तकी शिक्षणाने जात नाही. एम.बी.बी.एस.च्या अंतिम परीक्षेत मनोविकारशास्त्राला स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसते. हा विषय जनरल मेडिसिनमध्येच सामावलेला असतो. साहजिकच विद्यार्थी त्याकडे ओझरते पाहतो.

दुसरे कारण अधिक खोल आहे. वॉर्डात त्याला रोगी दिसतो तो आजार शिगेला पोचलेला असताना. बरा झालेला मनुष्य तेथे कशाला येईल? तो कचेरीत, दुकानात, शाळेत आपले काम करीत असतो, आणि बहुधा आपला आजार कोणास सांगत नाही. नदी एकदाच, तीही पुरात पाहावी आणि ती बारा महिने अशीच वाहते असे मानावे, तसे हे होते.

याचा परिणाम साधा नाही. स्किझोफ्रेनियाचा रोगी छातीत दुखते म्हणाला, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून हृदयाची तपासणी राहून जाऊ शकते. शिवाय विद्यार्थ्याचे स्वतःचे मन खचले, तरी तो लपवितो. कारण वर्गात काय बोलतात, हे त्याने ऐकलेले असते.

उपाय कोणता? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली सांगितले, की समान दर्जाने व समान हेतूने माणसे एकत्र आली, तर पूर्वग्रह ओसरतो. म्हणून बरे झालेल्या माणसाने वर्गात यावे ते ‘केस’ म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून. प्रौढांमध्ये अशा प्रत्यक्ष भेटीचा गुण नुसत्या माहितीपेक्षा अधिक येतो, असे अभ्यासांत आढळले आहे. मात्र एका भेटीचा परिणाम टिकत नाही. ती पुन्हा पुन्हा घडली पाहिजे. आणि वरिष्ठ डॉक्टरच रोग्याची चेष्टा करू लागले, तर सारे शिकविणे वाया जाते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीची वागणूक हा हक्क म्हणून दिला आहे. परंतु कायदा जिभेपर्यंत पोचत नाही. उद्याच्या डॉक्टरची पहिली शाळा आपले घर आहे; तेथील भाषा बदलणे तर आपल्याच हाती आहे.