आधी ऐका, मग घ्या

मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. तिथे रेकॉर्ड आधी ऐकून मगच घेता यायची, असं घरातली मोठी माणसं अजून सांगतात. तशी मुभा कुठे उरली असेल का, या ओढीने मी चोरबाजारात मटण स्ट्रीटवर गेलो.

दुकान एका अरुंद गाळ्यात. भिंतीला एलपी उभ्या लावलेल्या, खाली ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांच्या चळती. दमट पुठ्ठा, जुना कागद आणि ग्रामोफोनचं तेल यांचा मिळून एक वास; घरी परतल्यावरही तो शर्टाला होता. जुनी घरं रिकामी होतात तेव्हा गठ्ठेच्या गठ्ठे इथे येतात. ‘‘सौ में बीस,’’ गल्ल्यावरचे चाचा म्हणाले. शंभरातल्या वीसच वाजवण्याजोग्या निघतात.

त्या वीस ते कशा ओळखतात? तबकडी तिरकी धरून उजेडात फिरवायची. मग नखाने कडेला टिचकी. अखंड असली तर खणखणते, तडा असला तर बद्द आवाज येतो. पुसायची ती ओलसर मऊ फडक्याने, चरांच्या दिशेने. स्पिरिट मात्र लावायचं नाही, कारण ७८ ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

मग पोलादी सुई, दर बाजूला नवी. चावी दिली, सुई टेकली आणि खरखरीतून हिराबाई बडोदेकरांचा स्वर वर आला. जेमतेम तीन मिनिटं, तेवढ्यात अख्खा राग. ती घ्यायला आलेलं गिऱ्हाईक खुशीत होतं. चाचांचा चेहरा मात्र मध्येच आक्रसला. ‘‘घिसी हुई सुई से बजाया है किसी ने. ये बीस में नहीं आती,’’ म्हणत त्यांनी आपणहून किंमत निम्मी केली. गिऱ्हाइकाला तो दोष ऐकूही आला नव्हता. माझ्या डोक्यातून तो क्षण अजून जात नाही.

हिराबाई आज फोनवरही ऐकता येतात. पण चळतीत ‘यंग इंडिया’चं लेबल दिसलं की चाचांचा हात थांबतो. ही कंपनी मुंबईचीच, कारखाना वडाळ्याला. तिने अशा कितीतरी गायकांचे आवाज तबकड्यांवर उतरवले, ज्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, आणि त्यातलं पुष्कळसं पुन्हा कधी निघालंच नाही. ते गाणं उरलंय ते अशाच एखाद्या तबकडीवर, तीही शंभरातल्या विसांत असली तर. म्हणून मला हे दुकान हौशी संग्राहकांपुरतं वाटत नाही. सरकारी दप्तरखान्याने करावं असं काम इथे एक म्हातारा माणूस कानाच्या जोरावर करतो आहे.

तुमच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्या असतील तर त्या किलोवर देऊ नका. उभ्या ठेवा, उन्हापासून लांब, आणि एकदा अशा दुकानात नेऊन वाजवून घ्या. फक्त शुक्रवारी जाऊ नका. त्या दिवशी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.