गाणी भाड्याची, गाणी घरची

जालना–अंबड रस्त्यावरच्या काळीपिवळीत बसा. डेकमध्ये पेनड्राइव्ह खोचलेला असतो, पडू नये म्हणून दोऱ्याने बांधलेला. त्यात प्रल्हाद शिंदे असतात, भीमगीतं असतात, ‘सैराट’ असतो. ड्रायव्हरच्या खिशातल्या मोबाइलवर मात्र अ‍ॅपमधून कोट्यवधी गाणी वाजू शकतात. पेनड्राइव्हमधली गाणी घरची, मोबाइलवरची भाड्याची.

अ‍ॅप का आवडतं?

स्पॉटिफाय हे गाण्यांचं अ‍ॅप फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं, तेव्हा महिन्याला ११९ रुपये पडत. अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवात एखादा राग मनात बसला, तर त्याच रात्री तो दहा गायकांच्या गळ्यातून ऐकता येतो. पूर्वी अशा कॅसेटसाठी औरंगाबाद-पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती चिठ्ठी द्यावी लागे. नवं शोधायला अ‍ॅपसारखं साधन नाही, हे मान्यच करायला हवं.

मग आपलं काय उरतं?

पैसे भरून मिळते ती फक्त ऐकण्याची परवानगी. अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणंही आपलं होत नाही. स्पॉटिफायवर ३० दिवसांत एकदा तरी नेट लावावं लागतं, नाहीतर ते वाजत नाही. शिवाय गाणी टिकतात ती कंपन्यांच्या करारांवर. मार्च २०२४ मध्ये झी म्युझिकशी करार जुळला नाही आणि त्यांची गाणी स्पॉटिफायवरून काढली गेली. ‘सैराट’चं संगीत याच कंपनीचं. त्याच वर्षी एअरटेलने आपलं विंक म्युझिक हे गाण्यांचं अ‍ॅप गुंडाळलं.

याउलट फ्लिपकार्टचं ‘फ्लाइट’ हे गाणी विकणारं दुकान २०१३ मध्ये बंद झालं, तरी ज्यांनी विकतच्या एमपी३ उतरवून घेतल्या होत्या, त्यांची गाणी त्यांच्याकडेच राहिली.

घरची गाणी कशी जमवावीत?

मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात ‘भरून’ मिळणारी गाणी नकोत. त्यातून गायकाला छदामही मिळत नाही. आयट्यून्स स्टोअरवरून गाणं विकत घेता येतं. आईवडिलांसाठी सारेगामा कंपनीचा कारवां हा गाणी वाजवणारा संच बरा: २०१७ मध्ये आला, आत ५,००० गाणी भरलेली, नेट लागत नाही. जागेची चिंता नको. चांगल्या दर्जाचं पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबीचं, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात अडीच हजारांवर गाणी बसतात. पण कार्ड कधीतरी दगा देतं, म्हणून दुसरी प्रत ठेवावीच.

जी कुठेच मिळत नाहीत

आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाचा काकडा, पोळ्याला म्हटलेली गाणी. ही ना अ‍ॅपवर आहेत, ना दुकानात. माझ्या मते सगळ्यात आधी जपायची ती हीच. येत्या दिवाळीला घनसावंगी, मंठा, परतूर, जिथे तुमचं गाव असेल तिथे गेलात, की आजीजवळ बसा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. फाइलला तिचं नाव, गाव आणि तारीख द्या, आणि एक प्रत भावाबहिणीकडे ठेवा.