निःशस्त्रांची तेरा वर्षे

२९ जुलै १९९० च्या रात्री मन्रोव्हिया शहराच्या सिंकोर भागात, सेंट पीटर्स या ल्यूथरन प्रार्थनामंदिरात आश्रयाला आलेल्या सुमारे सहाशे स्त्रीपुरुषांची आणि मुलांची लायबेरियाच्या सरकारी फौजेने कत्तल केली; आणि बारा वर्षांनंतर त्याच मंदिराच्या आवारात ख्रिस्ती आणि मुसलमान बायका एकत्र बसून, हे युद्ध आता बोलणी करूनच थांबवायचे, असा निश्चय करीत होत्या. या निश्चयाची कथा बहुधा २००३ पासून सांगितली जाते, आणि या दोन प्रसंगांच्या दरम्यान जे घडले ते तीतून गळून जाते. मला ते अन्यायाचे वाटते. कारण हाती शस्त्र नसलेल्या लायबेरियन माणसांनी युद्धाच्या पहिल्या वर्षापासून जी एक साधी गोष्ट मागितली, ती मान्य व्हावयास तेरा वर्षे लागली, आणि त्या विलंबाची किंमत त्यांनीच भरली.

लायबेरिया हे अमेरिकेतील दास्यातून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेले आणि १८४७ साली स्वतंत्र झालेले राष्ट्र. या वसाहतकारांच्या वंशजांनी मूळच्या जमातींवर शतकाहून अधिक काळ जो अंमल गाजवला, तो १९८० साली सॅम्युएल डो या सार्जंटाने राष्ट्राध्यक्ष विल्यम टॉल्बर्ट यांचा वध करून संपवला. परंतु नव्या अंमलातही एका जमातीची भरभराट आणि दुसरीचा छळ हाच प्रकार चालू राहिला, आणि १९८९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी चार्ल्स टेलर यांचे बंडखोर आयव्हरी कोस्टची सरहद्द ओलांडून निंबा परगण्यात उतरले, तेव्हा त्या छळाने पोळलेली गियो आणि मानो जमातींची तरुण मंडळी त्यांना जाऊन मिळाली. पुढील सर्व संहार येथून सुरू झाला.

या वणव्यात पहिली मध्यस्थी केली ती धर्मोपदेशकांनी. ख्रिस्ती धर्मसंस्थांची परिषद आणि राष्ट्रीय मुस्लिम परिषद यांनी मिळून एक समिती स्थापन केली, आणि जून १९९० मध्ये तिने फ्रीटाऊन येथे दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवण्याचा प्रयत्न केला. युद्धबंदी, निःशस्त्रीकरण, हंगामी सरकार आणि त्यानंतर निवडणुका, असा तिच्या मसुद्याचा आशय होता. बोलणी फिसकटली, पण पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या संघटनेने ऑगस्ट महिन्यात जी शांतता-योजना जाहीर केली, तिचा गाभा या मसुद्यातूनच आलेला होता. मसुदा उचलला गेला आणि त्याचे कर्ते मागे राहिले. त्यानंतर सहा-सात वर्षांत कोतोनू, अकोसोंबो, अबुजा अशा नगरांत डझनभराहून अधिक तहनामे झाले, आणि त्यांपैकी बहुतेकांचे सार एवढेच निघाले की ज्याच्यापाशी बंदुका त्याला कारभारात वाटा. अशा व्यवहाराचा परिणाम काय व्हावा? नव्या टोळ्या निघाल्या, जुन्या फुटून त्यांच्या दोन झाल्या. १९९५ च्या अबुजा करारान्वये जे राज्यमंडळ नेमले गेले, त्यात खुद्द टेलर आणि त्यांचे प्रतिस्पर्धी टोळीनायक शेजारी शेजारी बसले, आणि पुढच्याच एप्रिलात त्याच माणसांच्या फौजांनी राजधानी लुटून जाळली.

हा दोष ज्यांनी सर्वांआधी स्पष्ट शब्दांत सांगितला, त्यांच्यात मेरी ब्राउनेल या शिक्षिका अग्रभागी होत्या. १९९४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांची जी संघटना उभारली, तिची मागणी अशी की आधी शस्त्रे खाली ठेवा, मग पदांचे आणि निवडणुकांचे बोला. त्या वर्षी आक्रा येथील वाटाघाटींना या बायका आमंत्रणावाचून गेल्या. आरंभी त्यांना मेजावर जागा मिळाली नाही. मात्र त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही. १९९६ च्या सप्टेंबरात रूथ पेरी या माजी सिनेट-सदस्येकडे राज्यमंडळाचे अध्यक्षपद आले, यात या चळवळीने तयार केलेल्या लोकमताचा वाटा निःसंशय होता. पण निःशस्त्रीकरण अर्धेमुर्धेच उरकले गेले, जुलै १९९७ मध्ये निवडणुका झाल्या, आणि टेलर सुमारे ७५ टक्के मते घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले. हा माणूस हरला तर युद्ध पुन्हा सुरू करील, या भीतीने असंख्य लोकांनी त्यांना मत दिले. भीतीने दिलेल्या मताला संमती म्हणणे मला कठीण जाते. दोन वर्षांत उत्तरेकडून नवे बंडखोर आले आणि दुसरी यादवी पेटली.

टेलर यांच्या कारकीर्दीत शांततेची भाषा बोलणे हे धोक्याचे काम झाले होते. मानवी हक्कांचे वकील तिआवान गोंग्लो यांना एप्रिल २००२ मध्ये अटक करून कोठडीत बेदम मारहाण झाली. पत्रकार हसन बिलिटी यांना त्याच वर्षी धरून कित्येक महिने डांबून ठेवले. सेंट पीटर्सच्या आवारात बायका जमू लागल्या त्या याच सुमारास, आणि त्यांच्या धैर्याचे मोल या पार्श्वभूमीवर केले पाहिजे. त्यांची पुढारी लेमा बोवी ही तिशीतली स्त्री. युद्धात कोवळ्या वयात बंदूक हाती दिलेल्या मुलांच्या मनोव्यथेवर उपचार करण्याचे काम तिने केले होते. आसाटू बाह केनेथ या पोलीस-अधिकारी बाई मुसलमान. आपल्या समाजातील बायकांना या कामी आणण्याचे त्यांनी अंगावर घेतले आणि आणले. दोन धर्मांच्या स्त्रिया यापूर्वी शेजारी राहत होत्या, एकत्र प्रार्थनेला बसत नव्हत्या.

एप्रिल २००३ पासून मासळीबाजारालगतच्या मैदानात पांढरी वस्त्रे नेसून, दागिने उतरवून आणि डोक्याला पांढरा रुमाल बांधून या बायका दररोज बसू लागल्या. ती जागा मुद्दाम निवडली होती, कारण राष्ट्राध्यक्षांच्या गाड्यांचा ताफा रोज त्याच हमरस्त्यावरून जाई. त्यांच्यात बाजारात भाजी-मासळी विकणाऱ्या होत्या, छावण्यांतून आलेल्या निर्वासित होत्या, मुले गमावलेल्या आया होत्या. मागण्या तीन: तात्काळ आणि बिनशर्त युद्धबंदी, सरकार आणि बंडखोर यांच्यात वाटाघाटी, आणि शांतता राखण्यासाठी बाहेरून फौज. उन्हाचे दिवस गेले, पावसाळा लागला, चिखलात बसणे आले, तरी बैठक मोडली नाही. या काळात त्यांनी पतिसंगाचा त्याग केला, या गोष्टीचा वृत्तपत्रांनी फार गाजावाजा केला. स्वतः बोवी यांनी पुढे लिहिले की त्याचा प्रत्यक्ष परिणाम फारसा झाला नाही, उपयोग झाला तो लोकांचे लक्ष वेधण्यापुरता. मलाही वाटते की त्या गाजावाजापेक्षा चिखलातली ती रोजची हजेरी शतपट मोलाची होती.

२३ एप्रिल रोजी टेलर यांनी त्यांना भेट दिली. बोवी यांनी निवेदन वाचले, पण ते राष्ट्राध्यक्षांना उद्देशून न वाचता सभागृहातील एकमेव उच्चपदस्थ स्त्री, सिनेटच्या ग्रेस मायनर, यांना उद्देशून वाचले. टेलर वाटाघाटींना राजी झाले. मग काही बायका फ्रीटाऊनला जाऊन बंडखोरांच्या पुढाऱ्यांच्याही मागे लागल्या. कारण दडपण एकाच पक्षावर आणणारा मध्यस्थ दुसऱ्याचा हस्तक ठरतो, हे त्या जाणून होत्या.

४ जून रोजी आक्रा येथे बोलणी सुरू झाली आणि त्याच दिवशी सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने त्या देशातील अपराधांबद्दलचे टेलर यांच्यावरील आरोपपत्र प्रकट केले. टेलर घाईने मन्रोव्हियाला परतले. १७ जूनची युद्धबंदी काही दिवसांतच मोडली. जुलैत राजधानीवर तोफगोळे पडत असता, लोक अमेरिकन वकिलातीच्या दारापुढे प्रेते आणून ठेवीत असता, आक्रातील हॉटेलात पक्षप्रतिनिधी मात्र कोणते खाते कोणाला याचा घोळ घालीत होते. २१ जुलैला बायकांचा संयम संपला. घानातील बुदुबुरम छावणीतील निर्वासित लायबेरियन भगिनींसह त्यांनी सभागृहाच्या दाराशी हातात हात गुंफून ठाण मांडले आणि तह झाल्याखेरीज कोणालाही बाहेर सोडणार नाही असे कळवले. पहारेकरी अटकेला आले तेव्हा बोवी अंगावरची वस्त्रे उतरवू लागल्या. आईच्या वयाच्या स्त्रीने पुरुषांसमोर रागाने विवस्त्र होणे हा पश्चिम आफ्रिकेत घोर शाप मानला जातो, पहारेकरी थबकले. मध्यस्थ जनरल अब्दुलसलामी अबूबकर, नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख, स्वतः बाहेर आले आणि त्यांनी या बायकांचे ऐकून घेतले. त्यानंतर वाटाघाटींचा सूर बदलला. ११ ऑगस्टला टेलर पद सोडून नायजेरियात गेले आणि १८ ऑगस्टला तहावर सह्या झाल्या. तह केवळ बायकांमुळे झाला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. आरोपपत्र, बंडखोरांची सरशी आणि परराष्ट्रांचा दाब यांचेही ते फलित होते. परंतु दाराशी बसलेल्या त्या बायकांनी ज्या काळाची आठवण आतल्या माणसांना करून दिली, तो काळ मन्रोव्हियात माणसांच्या मरणाने मोजला जात होता.

तहातही खात्यांची वाटणी झालीच. ७६ जागांच्या हंगामी विधिमंडळात सरकार आणि दोन बंडखोर गट या तिन्ही लढणाऱ्या पक्षांना प्रत्येकी १२ जागा, आणि नागरी संस्था व इतर विशेष घटक मिळून ७. तथापि मेरी ब्राउनेल यांची १९९४ ची मागणी या वेळी पाळली गेली: आधी शस्त्रे, मग निवडणुका. संयुक्त राष्ट्रांची १५,००० ची शांतिसेना आली. डिसेंबर २००३ मध्ये शस्त्रे गोळा करण्याचा पहिला प्रयत्न दंगलीत फसला, एप्रिलात तो पुन्हा सुरू झाला, आणि एक लाखाहून अधिक माणसांची नावे दफ्तरी दाखल झाली. २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ विजयी झाल्या. त्याआधी या बायकांनी बाजारातल्या स्त्रियांची दुकाने आणि तान्ही मुले सांभाळून त्यांना मतदारनोंदणीला पाठवले होते. २००७ च्या जानेवारीत भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील स्त्रियांचे पथक मन्रोव्हियात दाखल झाले आणि २०१६ पर्यंत तेथे राहिले. बंदोबस्तावर उभी असलेली ती भारतीय स्त्री या कथेच्या एका कडेला आपलीही आहे. २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक सरलीफ आणि बोवी यांना येमेनच्या तवक्कुल कारमान यांच्यासह मिळाले.

न्यायाची मागणी मात्र अपुरीच राहिली. लायबेरियाच्या सत्यशोधन आयोगाने २००९ साली युद्धगुन्ह्यांसाठी खास न्यायालयाची शिफारस केली, आणि टेलर यांना आरंभी साहाय्य केल्याबद्दल खुद्द सरलीफ यांनाही सार्वजनिक पदापासून तीस वर्षे दूर ठेवावे असे सुचवले. ती दोन्ही कलमे कागदावर राहिली. टेलर यांना ५० वर्षांची शिक्षा झाली ती सिएरा लिओनमधील अपराधांबद्दल. युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाची तयारी करणारे कार्यालय स्थापण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी मे २०२४ मध्ये काढला. सेंट पीटर्सच्या कत्तलीतून वाचलेल्या चौघांनी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे दिवाणी दावा लावला, आणि २०२१ साली तेथील न्यायालयाने एका माजी लष्करी अधिकाऱ्याला जबाबदार धरले. मंदिराच्या आवारात सामुदायिक दफनाच्या जागी पांढरा तारा रेखलेला आहे. लायबेरियाच्या भूमीवर मात्र त्या रात्रीचा खटला अद्याप कोणत्याही न्यायासनापुढे उभा राहिलेला नाही.