मागावरचा इंजिनियर
फिनलंडचं वार्तापत्र

औलू, फेब्रुवारी

बाहेर उणे १९ आहे, तरी दारातल्या स्टँडवर सायकल लावायला जागा नाही. औलूची माणसं थंडीला भिऊन सायकल घरात ठेवत नाहीत. बॉथ्नियाच्या आखाताच्या वरच्या टोकाशी, ६५ अक्षांशावर हे गाव आहे. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेतीन तासांचा. वस्ती दोन लाखांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या हिशेबात एखादं तालुक्याचं ठिकाण; इथल्या हिशेबात उत्तरेची राजधानी.

मंगळवारी संध्याकाळी मी इथल्या प्रौढ शिक्षण केंद्रात विणकाम शिकायला येते. खोलीत लाकडी माग ओळीने मांडलेले असतात. जुने शर्ट, चादरी, पडदे फाडून त्यांच्या पट्ट्यांची सतरंजी विणायची. माझ्या आजीने हेच काम सुईदोऱ्याने केलं आणि त्याला गोधडी म्हटलं. पलीकडच्या मागावर पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ बसतात. ते इंजिनियर. बरीच वर्षं मोबाइल फोनच्या रेडिओची चाचणी घ्यायचे. २०१४ मध्ये नोकरी गेली. मग मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर वर्गात बसले, आणि आता सेन्सर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहेत. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, हे विणकाम कशासाठी? त्यांनी मागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सतरंजीसाठी." फिनिश माणसाच्या मानाने हे लांबलचक उत्तर झालं.

प्रौढ शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कंदील येतो, पाटी येते, अंगठ्याऐवजी सही करायला शिकणारी आजी येते. इथे नळाच्या पाण्याइतकी ती रोजची गोष्ट आहे. कामगारांसाठीची अशी पहिली शाळा १८९९ मध्ये ताम्पेरे या कापडगिरण्यांच्या गावात निघाली. आज देशभर अशा सुमारे १८० संस्था आहेत. बहुतेक नगरपालिकांच्या, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या; फी मामुली. परीक्षा नाही, प्रमाणपत्राची घाई नाही. सुतारकाम, स्पॅनिश, समूहगान, आणि निर्वासितांसाठी फिनिश भाषा, सगळं एकाच छपराखाली.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे मुक्त विद्यापीठ. आपल्याकडे नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ वेगळं स्थापन झालं. इथे प्रत्येक विद्यापीठानेच आपलं एक दार उघडं ठेवलंय. वय विचारत नाहीत, बारावीचे मार्क विचारत नाहीत. श्रेयांकामागे ठरावीक फी घेतात. अभ्यासक्रम नेहमीच्या विद्यार्थ्यांचाच. पुरेसे श्रेयांक जमले की त्या जोरावर पदवीसाठी अर्ज करता येतो. उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं तर आणखी पुढे गेली. त्यांच्याकडे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल तर आधी दोन वर्षं नोकरी केलेली लागते. कामाचा अनुभव नसलेल्याला तिथे प्रवेशच नाही.

पण नुसत्या शाळांनी गाव तगत नाही. औलू कसं तगलं, ती गोष्ट थोडी मागून सांगायला हवी.

एकोणिसाव्या शतकात औलू जगाला डांबर विकायचं. पाइनच्या लाकडापासून काढलेलं हे डांबर शिडाच्या जहाजांना फासत. जहाजं लोखंडी झाली आणि डांबराचे दिवस संपले. मग कागद आणि लाकूड. १९५० च्या दशकात उत्तरेची तरुण पोरं शिकायला दक्षिणेत जायची ती परत येत नव्हती. म्हणून १९५८ मध्ये इथे विद्यापीठ स्थापलं आणि पुढच्या वर्षी वर्ग भरले. १९६० च्या दशकात विद्युत अभियांत्रिकी आली, १९७४ मध्ये सरकारी संशोधन संस्थेची इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा. १९७७ मध्ये इथल्याच एका प्राध्यापकाने, सेप्पो सायनायाकांगास यांनी, शेजारच्या केंपेलेमध्ये पोलार ही कंपनी काढली. हृदयाचे ठोके मोजणारी तिची उपकरणं पुढे जगभरच्या धावपटूंच्या छातीवर आणि मनगटावर बसली. १९८२ मध्ये नगरपालिका, विद्यापीठ आणि कंपन्यांनी मिळून तंत्रज्ञान-ग्राम उभारलं. नॉर्डिक देशांतलं हे पहिलं. नोकिया तेव्हा इथे होतीच. प्राध्यापकाने सकाळी शिकवायचं आणि दुपारी कंपनीच्या चाचणीघरात डोकावायचं, विद्यार्थ्याने प्रबंध कंपनीच्या अडचणीवर लिहायचा, ही रीत पडली ती तेव्हापासून.

मग २०११ आलं. स्मार्टफोनच्या शर्यतीत नोकिया मागे पडली होती. तिने मायक्रोसॉफ्टचा हात धरला, तीन वर्षांनी फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टला विकला, आणि त्याच उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टने औलूचं केंद्र बंद करण्याचं जाहीर केलं. एका झटक्यात सुमारे ५०० माणसं. त्याच वर्षी इथे मोडेमवर काम करणारी दुसरी एक कंपनीही निघून गेली.

इथे नोकियाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण कंपन्या असं क्वचित वागतात. २००८ मध्ये तिने जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना बंद केला, तेव्हा २३०० नोकऱ्या गेल्या. लोक रस्त्यावर उतरले, नेत्यांनी नोकियाचे फोन परत केले. तो चटका लक्षात ठेवून २०११ मध्ये तिने 'ब्रिज' नावाची योजना आणली. ब्रिज म्हणजे पूल. १३ देशांतल्या १८ हजार कर्मचाऱ्यांपुढे पर्याय ठेवले: कंपनीतच दुसरं काम, बाहेर दुसरी नोकरी, नवं शिक्षण, स्वतःचा धंदा, किंवा स्वतः शोधलेली आणखी कोणती वाट. धंदा काढणाऱ्याला २५ हजार युरोपर्यंत अनुदान. त्यातून सुमारे हजार नवे धंदे उभे राहिले. नोटीस देताना दार दाखवतात. इथे दारापुढचा रस्ताही थोडा दाखवला.

पण हा पूल ज्या काठावर टेकतो तो काठ मुळात असावा लागतो. ते समजायला सालोला जावं लागतं.

सालो हे दक्षिणेतलं पन्नास हजार वस्तीचं गाव. सलोरा हा रेडिओ-टीव्हीचा जुना ब्रँड तिथला. नोकियाच्या मोबाइलची मुळंही तिथेच. मोबाइलचा मोठा कारखाना तिथे होता. २०१२ मध्ये जुळणी थांबली, २०१५ मध्ये उरलेलं केंद्र मायक्रोसॉफ्टने बंद केलं. कंपनी तीच, पडझड तीच. पण सालोला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. तुर्कूच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठाची एक शाखा काय ती होती. औलूत नोकरी गेलेल्या इंजिनियरांचा घोळका जमलेला पाहून नॉर्वेची नॉर्डिक सेमिकंडक्टर आणि तैवानची मीडियाटेक २०१४ मध्येच इथे आल्या. ज्ञान गावात पडून होतं, ते वेचायला. सालोत जुळणीच्या पट्ट्यावर उभं राहून आयुष्य काढलेल्या बायकांना वेचायला कोणी आलं नाही. पुढे त्याच जुन्या इमारतीत तंत्रज्ञानाचा परिसर झाला, तुर्कूची ती शाखा तिथे हलली, आणि २०१९ मध्ये मोटारींच्या बॅटऱ्यांचा कारखाना आला. सालो सावरलं, पण मधली वर्षं ज्यांच्या अंगावर गेली त्यांची भरपाई त्यात नाही.

मग विद्यापीठ नसलेल्या गावाने काय करायचं? पश्चिमेकडच्या सपाट, शेतीच्या मुलखातल्या सेइनायोकीने या शतकाच्या सुरुवातीला त्याचं उत्तर काढलं. आसपासच्या नगरपालिका आणि कंपन्यांनी वर्गणी काढली, पाच-पाच वर्षांसाठी पगाराची हमी दिली आणि वेगवेगळ्या विद्यापीठांचे प्राध्यापक आपल्या गावात आणून बसवले. विषय गावाच्या गरजेचे. गणपतीला वर्गणी काढणाऱ्या माणसाला ही कल्पना पटायला जड जाऊ नये.

आता उणी बाजू. १९७९ च्या कायद्याने इथल्या नोकरदाराला पाच वर्षांत एकूण दोन वर्षांपर्यंत बिनपगारी अभ्यासरजा मागण्याचा हक्क आहे. परत आलं की नोकरी जागेवर असते. त्या काळात घर चालावं म्हणून २००१ पासून एक भत्ता मिळत होता. सरकारने तो ऑगस्ट २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी बंद केला. आधीच शिकलेले लोकच त्याचा फायदा जास्त घेतात, असं कारण दिलं गेलं. त्यात तथ्य नाही असं नाही. पण रजेचा हक्क ठेवला आणि जेवणाचा खर्च काढून घेतला, तर रजा घेणार कोण? ज्याच्या घरात दुसरा पगार आहे तोच. सालोच्या पट्ट्यावरची बाई पुन्हा बाहेर.

१९८२ हा आकडा लिहिताना माझा हात थोडा अडला. त्या वर्षी औलूत तंत्रज्ञान-ग्राम सुरू झालं. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरणीकामगारांनी संप पुकारला. सुमारे अडीच लाख कामगार. माझे आजोबा त्यातले एक, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात. पुढे गिरणीच्या जागी काय उभं राहावं यावर वर्षानुवर्षं वाद झाले. सूत तुटलं तर नजर न हलवता ते जोडणाऱ्या त्या बोटांना आणखी काय शिकता येईल, हा प्रश्न आमच्या घरी तरी कोणी घेऊन आलं नाही. आजोबा कोकणात परतले. गुरं राखली, आणि शहराबद्दल बोलणं सोडलं.

विणकामाच्या वर्गात पहिले दोन मंगळवार आम्ही विणलंच नाही. नुसते उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर चढवत होतो, एकेक करून, शेकडो. मी कंटाळले. शेजारचे इंजिनियर निमूटपणे धागे मोजत होते. तिसऱ्या मंगळवारी पट्ट्या भरायला लागलो तर हातभर सतरंजी तासाभरात झाली. रंग सगळा त्या चिंध्यांचा. उभे धागे त्यांच्याखाली झाकून गेले, शोधूनही धड दिसेनात. त्यांना मी ते दाखवलं. ते म्हणाले, ताणा आधी नीट चढवला असेल तर दिसायची गरज नसते.

आज ते दोन वाक्यं बोलले असते, पण त्यांना सायकलवरचा बर्फ झाडायचा होता.