संगणकाच्या वहींतील जुन्या वाटा

किहीमच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांचीं रिकामीं घरटीं लोंबतांना आपण पाहतों. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनीं 1930 सालीं याच गांवीं त्यांचें निरीक्षण केलें. नर अर्धवट घरटें विणतो. मादीस पसंत पडलें तर तें पुरें करतो, न पडल्यास सोडून देतो, असें त्यांस आढळलें. संगणकांतही अशीं सोडलेलीं घरटीं मागें राहतात. त्यांविषयीं आज आम्ही थोडें सांगणार आहों.

शाळेंत पुष्कळदां सर्वांच्या फाइली सर्व्हर नांवाच्या एका संगणकावर ठेवितात. त्यावरील एखाद्या कप्प्यास आपल्या संगणकावर 'झेड' असें अक्षर देतां येतें. यास नेटवर्क ड्राइव्ह म्हणतात. ही जोडणी कायम ठेवावयास सांगितल्यास विंडोज प्रणाली ती रेजिस्ट्री नांवाच्या आपल्या नोंदवहींत टिपून ठेवते. तेथें 'करंट यूजर' या शाखेखालीं 'नेटवर्क' अशी उपशाखा असून, तींत प्रत्येक अक्षराचें एक पान असतें. 'रिमोटपाथ' या नोंदींत सर्व्हरचें व कप्प्याचें नांव असतें. ज्याच्या नांवानें प्रवेश करावा, त्याची वही निराळी.

सर्व्हर बदलला तरी ही नोंद आपोआप बदलत नाहीं. मग संगणक जुन्या वाटेनें जातो, दार सांपडत नाहीं, आणि ड्राइव्हवर तांबडी फुली दिसते. वर्षभराचें काम गेलें, असें वाटून मुलें घाबरतात. परंतु नोंद म्हणजे केवळ वाट, घर नव्हे. नोंद पुसल्यानें सर्व्हरवरील एकही फाइल पुसली जात नाहीं.

प्रथम त्या ड्राइव्हवर 'डिस्कनेक्ट' हा पर्याय वापरावा, किंवा 'नेट यूज' या आज्ञेनें जोडणी काढावी. तेवढ्यानें न भागल्यास शिक्षकांच्या देखरेखीखालीं 'रेजएडिट' उघडावें, 'नेटवर्क' शाखेची 'एक्स्पोर्ट' करून प्रत ठेवावी, आणि मगच नको असलेल्या एका अक्षराचें पान काढावें. नंतर बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा व नवी जोडणी करावी. 'रिस्टोअर कनेक्शन' ही नोंद शून्य केल्यास तक्रारीची सूचना थांबते खरी. पण चुकलेली वाट चुकलेलीच राहते.

याच वहींत सबंध संगणकाच्या व्यवस्थेच्या नोंदी असतात. अंदाजानें भलतें पान फाडल्यास यंत्र सुरूच न होण्याचा संभव असतो. म्हणून पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलांना हें काम शिकवावें; मात्र आधीं प्रत, मग बदल, हा नियम त्यांच्या अंगीं बाणवावा.